अप्पांची दावण आणि परक्यांचा नकाशा

आमच्या अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा झाला तेव्हा सोयाबीन काढणीला आलं होतं. मंठाळच्या शेतात पाण्याच्या मोटारीची पेटी उघडता उघडता ते डाव्या अंगावर पडले. बिदरच्या दवाखान्यात वेळेत पोचलो म्हणून जीव वाचला, बोलणंही फारसं अडखळलं नाही. पाय हळूहळू काठीच्या आधारानं चालायला लागला. डावा हात मात्र मुठीसारखा आवळला तो आवळलाच. शेत वाट्यानं दिलं आणि अप्पांना मन्नाएखेळ्ळीला आमच्याकडे आणलं. हायवेला लागून आमचं शेतीच्या सामानाचं दुकान आहे. पाईप, फवारणीचे पंप, ताडपत्र्या, दोर असलं सगळं. दुकानामागे घर. दुकान मी बघते. नवरा मालाच्या गाडीबरोबर आठवड्यातले बरेच दिवस बाहेर असतो.

डाव्या हाताचं एवढं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. जेवायचं उजव्यानं, लिहायचं उजव्यानं. पण आम्हा लिंगायतांत गळ्यातलं लिंग रोज सकाळी डाव्या तळहातावर ठेवून पूजा करतात. भस्म लावायचं, फूल वाहायचं, थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसायचं आणि मग तोंडात घास. अप्पांनी कळत्या वयापासून त्यात खंड पडू दिला नव्हता. आता तळहात उघडतच नव्हता. घरी आलेल्या स्वामींनी सांगितलं, पाटावर ठेवा, नाहीतर सुनेच्या हातावर ठेवा, चालतं.

"माझं लिंग दुसऱ्याच्या हातावर कामून?" अप्पा म्हणाले. "मी मेलोय का?"

मग ते लिंगाची चांदीची डबी नुसती कपाळाला लावायचे आणि जेवायला बसायचे. जेवण म्हणजे काय, रिकाम्या पोटी गोळ्या चालत नाहीत म्हणून दोन घास. माणूस वाळत चालला होता. दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली होती, तळहात उघडू शकतो, पण रोज व्यायाम पाहिजे. बोटं एकेक करून सोडवायची, पंजा टेबलावर सपाट दाबून धरायचा, अंगठा सारखा हलता ठेवायचा. तिनं एक मऊ चेंडूही दिला. अप्पांनी तो उजव्या हातानं उचलून अंगणात फेकला. "म्हातारपणी चेंडू खेळायला लावायलाव मला!"

मी समजावून सांगितलं, ओरडले, दोन दिवस बोलले नाही. कशानंच काही झालं नाही. दूध देणारी म्हैसही दाबून धरली तर पान्हा चोरते, हे मला कळायला हवं होतं. पण दुकान, स्वयंपाक आणि म्हातारा माणूस यांच्यात तेवढा विचार करायला सवड कुणाला होती?

त्यात लेक सुट्टीला आली. ती मैलूरला खोली करून बिदरच्या कॉलेजात फार्मसी शिकते. तिच्याकडे टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओ गेम होता. शिष्यवृत्तीतून घेतला होता, म्हणून मला बोलायला जागा नव्हती. अप्पांची बाज टीव्हीसमोरच होती. त्यामुळे ती खेळायची आणि अप्पांना बघावं लागायचं.

खेळ असा होता. एक मोठं मोकळं जग. माळ, डोंगर, बर्फ, दलदल, समुद्राचा काठ. कुठंही जा, कुणी अडवत नाही. त्यात तऱ्हेतऱ्हेची जनावरं हिंडतात, आपल्या इथली नाहीत, कुणाला तीन शेपट्या, कुणाच्या पाठीवर झाड. ती शोधायची आणि धरायची. धरण्याआधी आपल्याकडच्या जनावराला त्याच्याशी झुंजायला लावायचं, ते दमलं की गोळा फेकायचा, की ते आपलं झालं. सगळी धरली की खेळ पूर्ण. मला त्यात काही दम दिसला नाही. पण अप्पा उशीवरून मान उचलून बघायला लागले.

"अव्वा, तू वाऱ्याच्या बाजूनं जायलीस," ते नातीला म्हणाले. आमच्याकडे लाडक्या पोरीला अव्वाच म्हणतात. "त्याला वास लागंल. पळंल ते."

"अज्जा, खेळात वारा नसतो."

"गवत हलायलंय की. वाऱ्याबिगर हलंल का?"

जनावर पळालं. ते वाऱ्यानं पळालं की आणखी कशानं, मला माहीत नाही. पण लेकीनं हातातलं खेळायचं यंत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "मग तुम्हीच धरा." दोन्ही हातांनी धरायचं होतं ते. उजव्या अंगठ्याकडे गोळा फेकायची बटणं. डाव्या अंगठ्याखाली एक छोटी दांडी, ती ढकलेल त्या दिशेला माणूस चालायचा. लेकीनं त्यांची आवळलेली बोटं यंत्राभोवती गुंडाळली आणि अंगठा दांडीवर ठेवला. पडद्यावरचा माणूस बराच वेळ एका खडकाला धडका देत राहिला. मग वळला. अप्पांच्या कपाळावर घाम होता.

मी दारात पीठ भरल्या हातांनी उभी होते. दवाखान्यातली बाई घसा कोरडा होईपर्यंत जे सांगत होती, ते इथं आपोआप चाललं होतं. मी धंद्यातली बाई आहे. त्याच संध्याकाळी सौदा केला: एक नवं जनावर धरलं की एकदा पंजा टेबलावर सपाट करायचा, मी हळूच दाबून धरणार, आरडाओरडा करायचा नाही. नाहीतर टीव्हीची वायर काढून दुकानात नेणार.

"लई तयार हाय तुझी आई," अप्पा नातीला म्हणाले. पण सौदा त्यांना मान्य झाला.

धरलेल्या जनावरांना ते दावण म्हणायचे. गोठ्यात ओळीनं बांधलेली जनावरं म्हणजे दावण. सकाळी उठलं की विचारायचे, दावणीला किती झाली? सोपी जनावरं लवकर संपली. मग अडलं. माळावर कितीही हिंडलं तरी नवं काही दिसेना. अप्पा चिडायचे आणि टेबलाला हात लावायचे नाहीत. तेव्हा लेकीनं मोबाईलवर एक नकाशा काढून दाखवला. त्या खेळाच्या अख्ख्या जगाचा नकाशा. त्यावर प्रत्येक जनावर कुठं भेटतं त्याची खूण होती. खुणेवर बोट ठेवलं की बारीक अक्षरात माहिती उघडायची: हे फक्त पाऊस पडताना बाहेर येतं, हे झोपलेलं असतानाच जवळ जाऊ देतं, ह्याला लाल फळ आवडतं, इथली गुहा धबधब्यामागून आहे. तिनं बिदरला झेरॉक्सच्या दुकानातून तो नकाशा तुकड्यातुकड्यांत छापून आणला, जोडला आणि कपाटाच्या दारावर चिकटवला. जनावरांची नावं मराठीत लिहिली, डोंगरनद्यांची कन्नडमध्ये. अप्पांना दोन्ही वाचता येतं.

अप्पांनी आधी संशय घेतला. "हे केलं कुणी? कंपनीनं?"

"न्हाई अज्जा. खेळणाऱ्या लोकांनी केलंय."

"पगार किती त्येंना?"

"काहीच न्हाई."

"मग आपल्याला सांगून त्येंचं काय भलं व्हायलंय? खोटं असंल. आपल्याला दलदलीत पाठवतील आणि हसत बसतील."

तरी गेले. दलदलीतल्या खुणेवर पोचले तर काही नव्हतं. "बघ!" अप्पा म्हणाले. लेकीनं माहिती पुन्हा वाचली: धुकं पडल्याशिवाय येत नाही. धुक्यापर्यंत थांबले. आलं. अप्पांनी ते धरलं आणि कपाटाच्या दाराकडे बघितलं.

"एवढं धुक्यात थांबून कुणीतरी लिहून ठेवलंय," ते म्हणाले. "पगार न्हाई म्हणायलीस. म्हणजे दासोह हाय हे."

जत्रेच्या वेळी आमच्याकडे दासोह असतो. येईल त्याला जेवण, कोण कुठला विचारायचं नाही. भाजी चिरणाऱ्या बायकांत मीही बसले आहे. कुणी वांगी चिरली आणि कुणी भात उपसला, हे जेवणाऱ्याला कधीच कळत नाही. अप्पांच्या तोंडून तो शब्द आला आणि मला प्रथमच त्या नकाशाकडे नीट बघावंसं वाटलं. फवारणी पंपाबरोबर येणारं पत्रक वाचून पंप जोडता आलेला एकही माणूस मी पाहिलेला नाही. तो जोडायला सगळे माझ्याकडेच येतात. इथं मात्र एका जनावराखाली कुणीतरी लिहिलं होतं, "डावीकडच्या वाटेनं जाऊ नका, मी तीनदा पडलो." कोण होता, कुठल्या देशाचा, माहीत नाही. पण आमचे अप्पा डावीकडून गेले नाहीत.

सुट्टी संपून लेक खेळ अप्पांसाठी मागे ठेवून मैलूरला गेली. मग माहिती वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. माझं इंग्रजी पाईपच्या मापांपुरतं आहे, त्यामुळे अडलं की मोबाईलवरच भाषांतर करून घ्यायची. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा आम्ही दोघं बसायचो. खेळात एका मोठ्या जनावरावर बसून लांब जाता यायचं. अप्पा त्यावर आनंदानं बसायचे, पण सोमवारी नाही. आमच्याकडे सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. अप्पांनी तोच नियम पडद्यातल्या जनावराला लावला.

"अप्पा, ते खरं जनावर न्हाई."

"सोमवार खरा हाय की."

त्यामुळे सोमवारी सगळी तंगडतोड पायी व्हायची आणि अंगठ्याला दुप्पट काम पडायचं. बोटं सैल पडायला लागली होती. टेबलावर पंजा ठेवला की आधी नुसते सांधे टेकायचे, आता बोटांची टोकं टेकत होती. अप्पांनी एकदा चांदीची डबी उघडून लिंग तळहाताजवळ नेऊन पाहिलं. अजून खड्डाच होता हाताचा. परत डबीत ठेवलं. पण त्यांनी मोजून पाहिलं होतं, हे मी पाहिलं.

आणि तिथंच सगळं थांबलं. दावणीत फक्त एक जागा उरली होती आणि तिथं बैल यायचा होता.

तसा तो आपल्यासारखा बैल नव्हता. अंगावर शेवाळ, शिंगांना बारीक फुलं. पण वशिंड होतं, गळ्याखाली लोंबणारी पोळी होती, डोळे तसेच. डोंगरामागच्या कुरणात एकटाच चरायचा. नकाशावरची माहिती सरळ होती: हा खेळातला सर्वांत दांडगा प्राणी आहे, आगीनं मारा, पायांवर मारा, अर्धमेला झाल्यावर गोळा फेका. मी वाचून दाखवलं. अप्पांनी यंत्र मांडीवरून खाली ठेवलं.

"बैलाला मारायचं न्हाई."

कारहुणवीला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, आम्ही बैल धुतो, रंगवतो, त्याच्यापुढं नैवेद्य ठेवून पाया पडतो. आमच्या लोकांत बैल म्हणजे बसवण्णा. अप्पांनी आयुष्यभर औत हाकलं, पण त्यांच्या हातात आसूड कधी नव्हता, हे मंठाळमध्ये कुणालाही विचारा. तरी मी म्हटलं, "एवढी सगळी धरली की मारून! तीन शेपट्यांचं ते मारलं तेव्हा काही वाटलं न्हाई?"

"ते बैल नव्हतं."

लेकीला फोन लावला. ती म्हणाली, सोपं आहे, दुसऱ्या कुणी धरलेला बैल अदलाबदल करून घेता येतो. मी फोन अप्पांच्या कानाला लावला.

"मार खाल्लेला बैल बाजारातून आणायचा व्हय अव्वा?" अप्पा म्हणाले. "अंगावर वळ बघितल्यावर आम्ही दावं सुद्धा धरत न्हाई."

खेळ बंद झाला आणि त्याबरोबर सौदाही. अप्पा भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. टेबलावर हात ठेवा म्हटलं तर म्हणायचे, "जनावर धरलं का मी? मग?" मी वायर काढून नेण्याची धमकी देऊ शकत नव्हते, कारण त्यांनीच ती काढायला सांगितली होती. थोड्याच दिवसांत बोटं पुन्हा आत वळायला लागली. दवाखान्यातल्या बाईनं बघून सांगितलं, आता सोडलंत तर पुढं कठीण आहे. मी रस्त्यानं येताना स्वतःशीच भांडत होते. एका चित्रातल्या बैलापायी म्हाताऱ्याचा हात जाणार होता, आणि त्या म्हाताऱ्याला मी चूकही म्हणू शकत नव्हते. त्या बैलाला मारून त्यांनी हात उघडला असता, तर त्या हातावर काय ठेवलं असतं त्यांनी?

लेकीनं मोबाईलवरच्या त्या नकाशाच्या पानावर प्रश्न लिहिला. हाताचं काही लिहिलं नाही. एवढंच लिहिलं: माझे आजोबा बैलाला मारत नाहीत, आमच्याकडे त्याला पूजतात. मारल्याशिवाय हा धरायची काही सोय आहे का?

पहिली उत्तरं चावटपणाची आली. आजोबांना सांग, हा खेळ आहे. आजोबा नुसतं गाजरच खातात का? लेक फोनवर तणतणत होती. "मी असं उत्तर देते मम्मी, की जन्मभर..." मी म्हटलं, गप बस, दुकानात रोज असली माणसं येतात, त्यांच्यामागून कामाचं गिऱ्हाईक येतं.

आलंही. नकाशातला तो डोंगरामागचा भाग ज्यानं तयार केला होता, त्याचंच उत्तर आलं. बाई की पुरुष, आम्हाला आजही माहीत नाही. ते उत्तर म्हणजे उलट प्रश्नच होते. त्याला झोपवलेलं चालेल का? खायला देऊन भुलवलेलं चालेल का? गोळा फेकणं हे मारण्यात धरता का? तो आजोबांना धडक देईल, ते चालेल का? घरी पाहुणा यायचा असला की आपण आधी विचारतो ना, कांदा-लसूण चालतो का, उपास कुठला धरता, तसं. मला तो माणूस तेव्हाच आवडला.

अप्पा बाजेवर उठून बसले. कोणीतरी त्यांचा निवाडा मागत होतं. एकेक उत्तर ते सांगत गेले, मी फोनवर लेकीला आणि लेक तिकडं लिहीत गेली.

"झोपवणं म्हणजे मारणं न्हाई, पण झोपेत वेसण घालणं ही चोरी हाय. ते नको. खायला द्यायचं की, त्याचा हक्कच हाय. गोळा चालंल, पण पाठीमागून न्हाई. बैलाला समोरून जायचं. त्यानं आपल्याला बघितलं पाहिजे."

"आणि धडक दिली तर?"

"देऊ दे. त्याचा माळ हाय."

त्यावर काही दिवस काहीच आलं नाही. मला वाटलं, संपलं. समोरून गेलं की तो बैल धडक देतोच, असंच सगळीकडं लिहिलेलं होतं. मग एका दुपारी लेकीचा फोन आला, ती धापा टाकत होती. त्या माणसानं स्वतः करून पाहिलं होतं. कितीदा तरी हुकलं, असं त्यानं लिहिलं होतं. शेवटी जमलं. बसायच्या जनावरावरून जायचं नाही, बरोबर दुसरं जनावर ठेवायचं नाही, एकट्यानं पायी. खेळात सूर्य कलला की तो बैल ओढ्यावर पाण्याला येतो. ओढ्याअलीकडे पांढऱ्या फुलांचा चारा ठेवायचा आणि समोर उभं राहायचं, हलायचं नाही. तो चारा खाऊन मान वर करतो आणि तेवढ्या क्षणी धडक देत नाही. तेव्हा गोळा. हुकलं तर तो निघून जातो आणि दुसऱ्या दिवशीच परत येतो. त्यानं हे सगळं चित्रफितीत दाखवलं होतं आणि नकाशावर ओढ्याजवळ एक वेगळी खूण केली होती. तिच्याखाली लिहिलं होतं: ज्यांना याला मारायचं नाही त्यांच्यासाठी.

मी चित्रफीत अप्पांना दाखवली. त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाले, "वायर लाव."

पायी चालण्याची त्यांना सवय झालेलीच होती. पण हात बिघडला होता. अंगठा दांडीवरून घसरायचा आणि हलायचं नाही तिथं माणूस हलायचा. बैल धडक द्यायचा, पडदा काळा व्हायचा, माणूस लांब कुठंतरी जागा व्हायचा. पुन्हा पायी. मी म्हटलं, अप्पा, हात मोकळा करायला आधी टेबलावर ठेवावा लागेल, सौदा उलटा करू. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. दुखत होतं, दिसत होतं. ओरडले नाहीत.

ज्या दुपारी जमलं, त्या दुपारी बैल ओढ्यावर आला होता, चारा खात होता, आणि दुकानातून हाक आली.

"अक्का! अर्ध्या इंचाचा कॉक हाय का?"

"थांबा!" मी इथूनच ओरडले. "बैल धरायलाव!"

गिऱ्हाईक धावतच आत आलं. लांबच्या तांड्यावरचा शेतकरी होता, हातात आमच्याच दुकानातला दोर उचलून आणला होता त्यानं. "कुठं सुटलाय? मारका हाय का?"

"शू," अप्पा म्हणाले.

बैलानं मान वर केली. अप्पांनी गोळा टाकला. गोळा जमिनीवर डुगडुगला, एकदा, दोनदा, आणि थांबला. पडद्यावर फटाके उडायला लागले, कसलीशी कमान आली, सगळी जनावरं ओळीनं उभी राहिली. तो शेतकरी म्हणाला, "दावण झक्कास हाय की अप्पा तुमची!" आणि मग मला म्हणाला, "आता कॉक देताव का?"

त्या बैलाला अप्पांनी एकदाही झुंजायला काढला नाही. खेळात जनावरं मोकळी सोडायचं एक कुरण आहे, तिथं तो आहे. अप्पा अधूनमधून वायर लावायला सांगून त्याला बघतात, त्याला चारा घालतात. अंगठ्याला तेवढंच काम. त्या वेगळ्या खुणेखाली पुढे दुसऱ्या लोकांनीही लिहिलं. कुणाच्या धाकट्या बहिणीला जनावराला मारताना रडू यायचं, तिनं असाच धरला. कुणी लिहिलं, बैलाला नव्हे, पण अमुक पक्ष्याला आम्ही मारत नाही, त्याचीही सोय बघाल का? त्या माणसानं लिहिलं, बघतो. लेकीनं अप्पांच्या सांगण्यावरून त्याला कारहुणवीला पोळी खायला ये म्हणून निमंत्रण धाडलं. त्यानं विचारलं, कारहुणवी म्हणजे काय? ती बिचारी रात्रभर इंग्रजीत लिहीत होती.

टेबलाचा व्यायाम आता सौद्याबिगर चालला. दावण भरल्यावर सौदा राहिलाच कुठं? मी आठवण करायची आणि अप्पा हात पुढं करायचे. उन्हाळा तापायला लागला. लेक एका रविवारी घरी आली होती. सकाळी भाकरी थापताना मला जाणवलं की अप्पांच्या खोलीत फार शांत आहे. मी आणि लेक दोघी दारापाशी गेलो. अप्पा पूर्वेकडे तोंड करून बसले होते. डावा हात मांडीवर उताणा. अंगठा अजून वाकडाच, करंगळीही. पण मधला तळहात उघडा होता आणि त्यावर लिंग होतं, भस्म लावलेलं, वर जास्वंदीचं फूल. उजवा हात त्यांनी खाली धरला होता, पडलं तर झेलायला. पडलं नाही. हाताला कापरं होतं, त्यामुळे फूल हलत होतं.

आमची चाहूल त्यांना लागली. मान न वळवता म्हणाले, "दोघी उभारून काय बघायलाव? देव हाय, टीव्ही न्हाई."

आम्ही मागं सरलो. लेक डोळे पुसत होती. मी म्हटलं, रडायचं नंतर बघू, आधी मोबाईल काढ. ज्यानं ती खूण केली होती, त्याला आम्ही बैलाबद्दल धन्यवाद दिले होते, पण हाताबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं. कुणी आपलं काम कुठपर्यंत पोचलं हे न कळता राहावं, हे मला पटत नाही. फाटलेली ताडपत्री परत घेऊन सगळे येतात. पाऊसभर टिकली हे सांगायला कुणी येत नाही.

"काय लिहू?" लेकीनं विचारलं.

मी सांगत गेले, ती इंग्रजीत करत गेली. की आमच्या आजोबांचा डावा हात लकव्यानं मिटला होता. की त्याच हातावर आम्ही देव ठेवतो. की तुमच्या नकाशानं तो हात इतके दिवस हलता ठेवला, आणि बैलापाशी तो पुन्हा मिटायला लागला होता तेव्हा तुम्ही ओढ्यावर उभे राहून धडका खाल्ल्या. की आज सकाळी हात उघडला. पूर्ण नाही, पण पुरेल एवढा. की दवाखान्यातल्या बाईचेही आम्ही ऋणी आहोत, पण तिला तिच्या कामाचा पगार आहे.

"हे शेवटचं लिहू?" लेक म्हणाली.

"लिही. खरं हाय ते."

तिनं लिहिलं आणि पाठवलं. बाहेर शटरवर कुणीतरी थाप मारत होतं, फवारणीचा पंप गळत होता म्हणून. मी हाताचं पीठ धुतलं आणि दुकान उघडायला गेले.